आपलं दुखणं आपल्या तोंडानं

बटाट्याच्या सरीवरून आमच्या शेजारच्या दोघी जावांचं सकाळीच वाजलं. थोरली कुदळ मारता मारता सारखी बांधावर जाऊन बसायची आणि तिची राहिलेली सरी धाकटीला ओढावी लागायची.

"बसा, बसा. पाय चेपून देऊ का?" धाकटी म्हणाली.

"तुझ्या जिभेला काही हाड?" थोरली म्हणाली, आणि तिथून बोलणं बंद. एका चुलीवर जेवणाऱ्या बाया, पण पाणी मागायचं तरी निरोप माझ्याकडून. मी शेजारीण. मला काय, फुकटची करमणूक.

तेवढ्यात सरकारी दवाखान्यातली नर्सबाई आली. एकेकीला विचारत सुटली, "तुम्हाला काय त्रास होतो?" आम्ही एकमेकींकडं पाहिलं. काढणी अर्ध्यावर असताना हिला आमच्या दुखण्याची एवढी काळजी कशाला? पलीकडं झाडाखाली मुकादम कान टवकारून बसला होता. आज कुणी दुखतं म्हणायचं आणि उद्या यानं तिला कामावरून कमी करायचं, एवढं न कळायला आम्ही काय दूधखुळ्या?

"मला काही नाही," मी म्हणाले. गुडघा तेव्हा भोपळ्यासारखा सुजला होता.

पण खरं सांगायचं तर मुकादम निमित्त. आमच्याकडं आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगतच नाहीत. ते घरच्यांनी सांगायचं. सासूचं सुनेनं, नवऱ्याचं बायकोनं, जावेचं जावेनं. स्वतः सांगितलं तर ते नखरे. कालव्यापलीकडच्या वस्तीत नेमकं उलटं. तिथल्या बाईला नुसतं "बरी आहेस ना" म्हणा, डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं ऐकवते, आणि वर आपल्यापेक्षा जास्त पोती भरते. आम्ही त्यांना रडक्या म्हणतो. त्या आम्हाला काय म्हणतात, देव जाणे.

नर्सबाई थोरलीपाशी आली. थोरलीनं धाकटीकडं पाहिलं. धाकटी बटाट्यांची माती झाडत राहिली.

"काही नाही," थोरली म्हणाली.

"मग छानच. तुमची वस्ती ठणठणीत आहे," नर्सबाई म्हणाली. "मोठे डॉक्टर एकाच ठिकाणी येणार आहेत. उद्या दवाखान्याची गाडी कालव्यापलीकडंच लावू."

पूल कोसभर लांब. थोरलीला बांधापर्यंत चालूनही धाप लागायची. नर्सबाई वळली तशी तिनं छातीवर मूठ दाबली. धाकटीनं ते पाहिलं आणि कुदळ टाकून धावली.

"बाई, आमच्या जाऊबाईंच्या छातीत दुखतं."

नर्सबाई मागं आली. "खरं का हो?"

थोरलीनं मूठ खाली घेतली. "सकाळी भांडली आणि आता हिला माझी माया आली? मला घरी बसवायला टपलीय ती. मला धाड भरलेली नाही."

"ज्याचं त्यानं सांगितलं तरच मी धरते," नर्सबाई म्हणाली.

धाकटीनं पदर खोचला. "मग माझंच धरा. माझ्या छातीत दुखतं. डाव्या हातात कळ उतरते. आडवं झालं की जीव घुसमटतो, रात्र रात्र उठून बसते मी."

सगळ्या शिवारातल्या कुदळी थांबल्या. भिंतीपलीकडून रात्री थोरलीचं जे कण्हणं तिच्या कानावर यायचं, ते सगळं तिनं आपल्या नावावर, आपल्या तोंडानं सांगितलं होतं. मला तिची लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

"उद्यापासून येऊ नकोस," मुकादम म्हणाला. "आजारी माणूस मला परवडत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या वस्तीत लागली. धाकटीनं थोरलीला सोबतीच्या नावानं नेलं आणि डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टरांनी नळी लावली, पुन्हा लावली, आणि हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात हलवायचं म्हणाले.

थोरली गाडीत उशीला टेकून बसली. बराच वेळ धाकटीकडं डोळे बारीक करून बघत होती. मग तिनं डॉक्टरांची बाही धरली.

"हिची कंबर बघा. बाळंतपणापासून वाकवत नाही हिला."

डॉक्टर धाकटीकडं वळले. "काय होतं तुम्हाला?"

"मला काही नाही," धाकटी म्हणाली.

"तिला काय विचारता," थोरली म्हणाली. "मला विचारा."