कॅसेटवरचा पिनबॉल

आमचे हे, पद्माकर, एकदा कशाच्या मागे लागले की घरात माणसं राहतात हे विसरतात. त्या वर्षी दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो आणि थोड्याच दिवसांत मामंजींना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. दुसऱ्या कुणी रबरी चेंडू आणला असता. यांनी पिनबॉलचं मशीन करायला घेतलं.

प्लायवूडची उतरती फळी, लोखंडी गोळी आणि दोन बटणं. बटण दाबलं की गोळीला फटका बसायचा. फटके, घंटी, गुण, सगळा कारभार एका जुन्या होम कॉम्प्युटरकडे. त्याचा प्रोग्रॅम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर ठेवायचा आणि टेपरेकॉर्डर वायरने जोडून कॉम्प्युटरला ऐकवायचा. लाइट गेली की तो सगळं विसरे, पुन्हा कॅसेट लावा. नोएडात लाइट जायला निमित्त लागत नव्हतं. मी धुसफुसायचे. पण मामंजींचं एक बोट जरी हललं असतं, तर मी त्या मशीनला हळदकुंकू वाहिलं असतं.

रविवारी मशीन तयार झालं. मामंजींना खुर्चीत बसवलं, त्यांचा उजवा हात उचलून बटणावर ठेवला. कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम भरला गेला तशी यांनी आनंदाने टेपरेकॉर्डरची वायर उपटली. टेप बंद करायची राहिली.

टेपमधून मामंजी बोलू लागले. खणखणीत आवाजात मंत्रपुष्पांजलीचा शेवट, मग प्रसादाच्या गर्दीला दटावणं, "रांगेत या, मोदक कुठे पळून जात नाहीत." मंडळाच्या गणपतीत आमच्या मुलीने, मयुराने केलेलं हे रेकॉर्डिंग. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच होता. पुसला जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेचे दोन्ही चिमुकले कान मी स्वतः मोडले होते; ते मोडले की तिच्यावर नवं काही भरता येत नाही. आता त्या भोकांवर चिकटपट्टी लावून यांनी वर आपला प्रोग्रॅम भरला होता.

"अहो, ही कॅसेट कशी घेतलीत?"

"तू वर गणपती लिहिलं होतंस," हे पुटपुटले. "मला वाटलं, आरत्यांची असेल. तशी बाजारात कुठेही मिळते यार."

त्या क्षणी मला यांचा भयंकर राग आला. बाकीचा आवाज पुसला गेला होता; प्रोग्रॅम संपल्यावर उरलेलं ते एवढंसं शेपूट तेवढं वाजत होतं.

तेवढ्यात मामंजींचा उजवा हात बटणावरून सरकला. हळूहळू उचलला गेला, टेपरेकॉर्डरपर्यंत पोचला आणि त्यांनी बोटाने टेप बंद केली. मग मान वळवून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरांना हवं होतं ते झालं होतं. पण आम्हा दोघांनाही आनंद करता आला नाही. थोड्या वेळाने लाइट गेली. आली तेव्हा मशीन सगळं विसरलं होतं, आणि ती कॅसेट पुन्हा लावायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही.