सुमंगलाबायचं सोंग

समीक्षाला सभेतून बाहेर काढलं, याचं नवल कुणालाच वाटलं नाही. आठवीत असताना मास्तरांना तोंडावर "तुमकाच येणा नाय, मगे माका कित्याक इचारतास?" म्हणून ती वर्गातून जी निघाली, ती परत शाळेत गेलीच नव्हती. आता सतरावं लागलं होतं, पण डोकं तापायला अजून वेळ लागत नसे.

सभा सुमंगलाची होती. मांद्र्याच्या वरच्या वाड्यावरची ही पोर पणजीच्या रेडिओवरून घराघरांत पोचली, गोवाभर गाजली, आणि तिशी गाठायच्या आधीच एका कार्यक्रमाला जाताना विमान कोसळून गेली. तेव्हापासून दर पौषात तिच्या फोटोला हार घालायचा, जरा वेळ गप्प उभं राहायचं आणि मग भाषणं ऐकायची, असं ठरूनच गेलं होतं. यंदा गोव्याचं नुकतंच राज्य झालेलं, भाषेचं भांडण अजून गरम. त्यामुळे फोटोखालच्या ओळी मराठीत लिहायच्या की कोकणीत यावरच अर्धी सभा खर्ची पडली. सुमंगला दोन्ही भाषांत गायची आणि दोन्ही भाषांत शिव्याही द्यायची, हे मात्र कोणी बोलेना.

शेवटी गोकुळदास मास्तर उठले. उपरणं सावरत म्हणाले, "सुमंगला म्हणजे साक्षात देवी. तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द म्हणून निघाला नाही."

मागच्या बाकावरून समीक्षा म्हणाली, "पोदेराक इचारा."

पोरं फिसकन हसली. पाव कडक दिला म्हणून सुमंगलाने पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलची हवा काढली होती आणि वर त्याच्या आज्यापणज्यांचा उद्धार केला होता, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. मास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं. समीक्षा पाय आपटत निघाली, पण जाताजाता तिची नजर पहिल्या रांगेवर पडली. तिथे लक्ष्मीकाकी बसली होती, सुमंगलाची आई. लेक गेल्यापासून चार वर्षांत त्या बाईचा चेहरा हलताना कोणी पाहिला नव्हता. आणि आत्ता तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता. एवढासा. लगेच खाली आला, पण गेला होता खरा.

समीक्षा घरी आली ती तोच कोपरा डोक्यात घेऊन.

वाड्यावर तेव्हा धालो चालू होते. धालो म्हणजे बायकांचा खेळ. पौषात जमायचं, समोरासमोर दोन रांगा करायच्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून वाकत-डोलत गायचं. पुरुषाने तिथे पाऊल ठेवायचं नाही. ज्या अंगणात हा खेळ चालतो तो मांड, आणि वरच्या वाड्याचा मांड लक्ष्मीकाकीच्या सासूच्या सासूपासून तिच्याच अंगणात. मांडावरचा दिवा तिनेच लावायचा. पण लेक गेल्यापासून ती मांडावर येत नसे. दाराच्या फटीतून पेटता दिवा तारामावशीच्या हातात द्यायची आणि दार ओढून घ्यायची. यंदा दिव्याबरोबर एक निरोपही दिला होता: "पुढल्या वर्सा मांड देवळाकडे न्हेयात. माका हयसर गाणी सोसणत नाय."

बायका हळहळत हो म्हणाल्या. आईपुढे काय बोलणार? समीक्षाला मात्र ते लागलं. सगळ्या मांद्र्यात तेवढं एकच अंगण होतं, जिथे तिला कोणी "शाळा सोडलेली" म्हणत नसे. तिथे तिच्या जिभेला दाद मिळायची. आणि तिथेच सुमंगलाबायने तिचा कान पिळून तिला सूर धरायला शिकवलं होतं. देवळाकडे मांड गेला की पुजारी बघणार, कमिटी बघणार, मास्तर येऊन भाषण ठोकणार.

"काकीक भायर हाडूक होयी," ती रेश्माला म्हणाली. रेश्मा तिची शेजारीण, अंगाने गोलमटोल आणि स्वभावाने भित्री.

"कशी हाडतलंस?"

"सोंग घेवन."

धालोच्या शेवटच्या दिवशी सोंगं असतात. दुपार कलली की बायका वेष करून मांडावर येतात. कोणी तलाठी होते, कोणी कंडक्टर, कोणी आपलीच सासू. ज्याचं सोंग घेतलं त्याने रागवायचं नाही, एवढाच नियम. मेलेल्या माणसाचं सोंग मात्र आजवर कोणी घेतलं नव्हतं. तसा नियम काही नव्हता, कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

"कोणाचा सोंग?" रेश्माने विचारलं. समीक्षाने सांगितल्यावर ती मटकन खाली बसली. "तुका बायका मारतीत गो."

"मारूदेत. तू पोटाक उशी बांध. तुका शेट करतंय."

शेवटच्या दिवशी उन्हं माडांच्या मागे गेली तेव्हा अंगण भरलं होतं. कंडक्टर झाला, तलाठी झाला. मग समीक्षा आली. भावाचा काळा चष्मा, आईची जरीची साडी, केसांत अबोलीचा अख्खा वळेसर. तिने नारळ खवायची अडाळी मांडावर ठेवली, तिच्यावर बैठक मारली, घसा साफ केला आणि चष्मा नाकावर ओढून वरून बघितलं.

तेवढ्याने पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अगे बाये, ही सुमंगला."

तारामावशी पुढे सरसावली. "समी, ऊठ थंयसून."

समीक्षा उठली नाही. तिने तान घेतली, अर्ध्यावर तोडली आणि ओरडली, "ती कोंबडी पयली भायर काढा, ती माज्यापेक्षा वरच्या सुरात गाता." हे सुमंगलाचंच बोलणं. एक जण हसली, तोंडावर पदर घेऊन. मग समीक्षाने पोदेराशी भांडण काढलं, पेटीवाल्याला झोपेतून उठवलं, सभेतल्या स्वतःच्याच फोटोकडे बघितल्यासारखं करून "माका इतकी गोरी कोणी केली?" म्हणून विचारलं. आता चारपाच जणी उघड हसत होत्या. दार मात्र बंदच.

समीक्षाचा पारा चढायला लागला. इतकं करून ती बाई दार उघडत नाही म्हणजे काय. त्या रागातच तिने सुमंगलाचा सगळ्यात गाजलेला किस्सा काढला. याच अंगणात ती तो सांगायची आणि हसून लोळायची. रेश्माला शेजारी ओढून बसवत समीक्षा म्हणाली, "आता ह्या आमचा पयला विमान."

तिने दोन्ही हात पसरले. आणि ते तसेच राहिले. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं.

कोणी हसेना. तारामावशीने डोळे मिटून घेतले. रेश्माच्या पोटावरची उशी खाली सरकली, ती उचलायचंही तिला भान नव्हतं. पळून जावं असं आयुष्यात पहिल्यांदा समीक्षाला वाटलं. तरी ती कशीबशी पुढे बोलली, कारण मध्येच थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं. "विमान उठला... आणि सुमंगलान बाजूच्या शेटजीचो हात धरलो... रवळनाथा, भगवती, माका सांभाळ... शेटजी म्हणता, बहेनजी, मेरा हाथ..."

"गोळी इसारलंस."

आवाज दारातून आला होता. दार सताड उघडं. लक्ष्मीकाकी उंबऱ्यात उभी.

"पयली लिमलेटची गोळी," ती म्हणाली. "हात मागीर. विमानातली बाई ट्रे घेवन इली, तर हिना मूठ भरून घेतल्यान. ती बाई पुढे गेली तर हिना परत हाक मारल्यान. म्हणता, माज्या आवशीक होयी. शेटजीची गोळीसुद्धा घेतल्यान."

"माका ठावक नाय," समीक्षा पुटपुटली.

"तुका कशी ठावक आसतली? त्यो गोळयो मी खाल्लंय." काकी पायरी उतरली. "आणि हात असे नाय धरूचे. झाडू मारतंस काय विमान उडयतंस? ती अशी करी."

तिने पदर खोचला, दोन्ही हात पसरले, मान तिरकी केली आणि तोंडाने घुंऽऽ करत अंगणात फेरी मारली. वय झालेलं, गुडघे दुखरे, पण फेरी पुरी मारली. वळताना तिचा हात रेश्माला लागला, रेश्मा उशीवर बसली, आणि तेव्हा सगळं अंगण एकदम फुटलं. तारामावशी हसता हसता रडायला लागली, मग रडता रडता हसायला. काकीही हसत होती, तोंड उघडून, दात नसलेली जागा दाखवत.

"सुमंगलान पयल्यांदा असा केल्यान तेवा सासूबाय कोंबडी धरूक धावली," ती धापा टाकत म्हणाली, "तिका वाटला घार इली."

मग रांगा आपोआप जुळल्या. एकीकडे समीक्षा, समोर काकी. त्या सांजेला दिवा काकीनेच आणून मांडावर ठेवला. सुमंगलाने बसवलेलं गाणं कोणीतरी सुरू केलं, ते भलत्याच पट्टीत लागलं, तर काकीने हात वर करून थांबवलं आणि शिवी देऊन परत सुरू करायला लावलं. शिवी अस्सल सुमंगलाची होती. सुमंगला ती कोणाकडून शिकली होती, ते वाड्याला त्या दिवशी कळलं.

खेळ संपल्यावर तारामावशीने भीत भीत विचारलं, "लक्ष्मी, मगे पुढल्या वर्सा मांड देवळाकडे न्हेवचो मां?"

काकी समीक्षाचा चष्मा स्वतःच्या नाकावर बसवून बघत होती.

"देवळाकडे माड किती आसत, बघलंस?" ती म्हणाली. "विमान उतरतला खंय?"