उलट्या पिळाची तार

अंबरनाथच्या त्या कारखान्यात बॅकेलाइटची बटणं बनत. विजेची, काळी, भिंतीवर असतात ती. मी देखभाल खात्यात होतो. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. फक्त फोरमन विष्णुपंत श्रीपाद म्हणायचे. प्रेसचं काम मला त्यांनीच शिकवलं.

"हे बघ," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "पंप तेल ढकलतो. ही झडप तेलाला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. म्हणून पंप थांबला तरी साचा दाबलेलाच राहतो. आणि ही दुसरी, हिच्यात स्प्रिंग आहे. दाब हद्दीबाहेर गेला की ही उघडते आणि जास्तीचं तेल टाकीत परत सोडते. ही नसेल तर पंपाला कुठे थांबायचं कळत नाही. तुझ्यासारखंच. वाचत बसलास की जेवायचं सुचत नाही."

स्प्रिंगवरचा स्क्रू आवळला की ती हद्द वाढते. कुणी तो परस्पर आवळू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधायची आणि तारेच्या टोकांवर शिशाचं सील दाबायचं, अशी पद्धत होती. त्रेपन्न सालच्या खंडेनवमीला हत्यारांना झेंडू वाहिला, तेव्हा विष्णुपंतांनी पूजेत एक नवी पक्कड ठेवली आणि आरतीनंतर माझ्या हातात दिली. तिने शिसं दाबलं की त्यावर चांदणी उमटे.

"आजपासून सील तुझं. तुझ्या चांदणीशिवाय प्रेस चालायची नाही."

बदलापूरला घरी नेऊन मी ती आईला दाखवली. आईने तिला पुन्हा एकदा हळदकुंकू लावलं. माझ्यावर कुणी एवढी जबाबदारी टाकेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

मोठ्या प्रेसवर जनू आणि लधाराम असत. जनू पालेगावचा. लधाराम उल्हासनगरच्या कॅम्पातून यायचा आणि विष्णुपंतांची नक्कल फार छान करायचा. त्यांच्यासारखाच डाव्या हाताने पाना फिरवायचा, डाव्या हाताने चहा प्यायचा आणि म्हणायचा,

"मास्तर, ये आदमी का सब उलटा है. बस, सही सीधी!"

खरंच होतं ते. लहानपणी शाळेत छड्या खाऊन विष्णुपंत लिहायला तेवढे उजव्या हाताने शिकले होते. बाकी सगळं डाव्यानेच चाले.

पुढच्या उन्हाळ्यात बॅकेलाइटच्या पावडरची एक खेप खराब आली. साच्यात ती नीट पसरेना, बटणांच्या कडा भरेनात, माल परत येऊ लागला.

"दाब थोडा वाढवायचा का रे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"पाइपाला झेपणार नाही," मी म्हणालो.

"बरं बाबा. मास्तर म्हणतील तसं." ते हसले आणि मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात बॉयलरच्या झडपेला सील लावायचं आहे, असं सांगून त्यांनी माझी पक्कड मागून नेली. संध्याकाळी आणून दिली. मी काही विचारलं नाही. त्यांना काय विचारायचं?

सोमवारी सकाळी प्रेसच्या पाइपाचा जोड फुटला. पितळी नट उडून जनूच्या मनगटावर बसला. मी धावत गेलो तेव्हा तो तेलात बसला होता, डोळे घट्ट मिटून.

"मास्तर, माजा हात हाय का बग रं," तो म्हणाला.

हात होता. पण मनगटाचा चुरा झाला होता.

दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. झडपेवरून कापून आणलेलं सील तारेसकट टेबलावर ठेवलं होतं.

"चांदणी तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग स्क्रू हद्दीबाहेर आवळून त्यावर सील का लावलंत?"

"मी आवळला नाही, साहेब. पक्कड विष्णुपंतांनी नेली होती." मी त्यांच्याकडे पाहिलं. आता ते सांगतील असं मला खरोखर वाटत होतं.

"मी? कधी रे?" विष्णुपंत म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "मुलगा चांगला आहे हो. वाचन फार. कधी कधी तंद्रीत असतो. माल परत येत होता, घाबरून केलं असेल. सांभाळून घ्या."

हे त्यांनी इतक्या मायेने म्हटलं की क्षणभर मलाच वाटलं, आपणच आवळला असेल. त्यांच्या शब्दापुढे माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नव्हता. मी मान खाली घातली. म्हणून समोरची तार दिसली.

तिचा पीळ उलटा होता. मी पिळलेली तार उजवीकडे चढते. ही डावीकडे चढली होती.

माझं बोलणं अडखळलं, पण मी बोललो. ही तार डावखुऱ्या माणसाने पिळली आहे, म्हणालो.

"विष्णुपंत, तुम्ही डावखुरे आहात?" साहेबांनी विचारलं.

टेबलावर अपघाताचा रिपोर्ट सहीसाठी ठेवला होता. विष्णुपंतांनी पेन उचललं आणि उजव्या हाताने, सावकाश, वळणदार सही केली. साहेबांनी त्यांना कधी पाना फिरवताना पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त सह्या करताना.

"लधारामला विचारा," मी म्हणालो.

लधाराम आला. दारातच उभा राहिला.

"फोरमन काम कोणत्या हाताने करतात?"

लधारामने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"साब, मेरा ध्यान तो अपने काम में रहता है."

माझी नोकरी गेली. पक्कड फोरमनकडे जमा करून निघा, असं साहेब म्हणाले.

मी खाली आलो तेव्हा नवा पाइप बसवून झाला होता. प्रेस सुरू होती. जनूच्या जागी त्याचा धाकटा भाऊ नाथा उभा होता. दाबाचा काटा लाल रेघेच्या कितीतरी पुढे थरथरत होता. गुन्हेगार सापडला होता, त्यामुळे स्क्रूला कुणी हात लावला नव्हता. तो होता तिथेच होता.

मी पाना घेतला.

"श्रीपाद, राहू दे ते," मागून विष्णुपंत म्हणाले. "कडा भरायच्या नाहीत."

"नाही भरणार."

मी स्क्रू सैल करत गेलो. काटा लाल रेघेवर आला, झडप उघडली आणि तेल खळखळत टाकीत परत जाऊ लागलं. मी नवी तार घेतली, पिळली, शिसं दाबलं. पकडीच्या सांध्यात आईचं कुंकू अजून होतं. खंडेनवमीला ती माझ्या हातात देतानाच विष्णुपंतांच्या मनात हे होतं का? नसेलही. मला आजही ते ठरवता आलेलं नाही.

मी वळलो आणि पक्कड पुढे केली. विष्णुपंतांनी ती घ्यायला डावा हात पुढे केला.

लधाराम पाहत होता. नाथाही पाहत होता. विष्णुपंतांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डावा हात मागे घेतला आणि उजवा पुढे केला.

मी पक्कड प्रेसच्या टेबलावर, लधाराम आणि नाथाच्या समोर ठेवली आणि निघालो.