खालचा दोरा

ताईच्या हातच्या सीटवर बसला नाही असा माणूस त्या रस्त्यावर शोधूनही सापडला नसता. मोटरसायकलची सीट असो, ट्रकवाल्याची गादी असो की दातांच्या डॉक्टरकडची ती उताणं पाडणारी खुर्ची असो, ताई रेक्झिन ताणून असा टाका घालायची की सीट उसवायच्या आधी गाडीच भंगारात जायची. एकदा तिने शिवलेल्या सीटवर एक चोर बसला आणि त्याला इतकं बरं वाटलं की गाडी पळवायचं सोडून तो तिथेच घोरायला लागला, असं लोक सांगतात. ताईला विचारलं तर ती म्हणायची, साफ खोटं. घोरत नव्हता, नुसता डोळे मिटून बसला होता.

अशा बाईला गर्व असायचाच, आणि तो होता. पण तो शिवणकामाचा नव्हता. शिवणकाम म्हणजे पोटापाण्याचं काम, त्यात कसला गर्व? तिचा सगळा गर्व एका गोष्टीत साठला होता. शहरातले जुने मोटरसायकलवाले वर्षातून एकदा ओळीने समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंत जायचे आणि त्या ओळीतली पहिली गाडी ताईची असायची. पहिल्या गाडीच्या हँडलला एक लाल पट्टा बांधलेला असे. दुसऱ्या कोणाच्या हँडलला तो कधी बघितलाय असं कोणालाच आठवत नव्हतं, पट्ट्यालासुद्धा नाही.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. आयुष्यभर जाड रेक्झिन कापून तिचं उजवं मनगट आतून झिजलं होतं. तासभर रेसची मूठ पिळून धरली की बोटं बधिर व्हायची, मूठ सैल पडायची, गाडी मंदावायची. मग ती चमकून पुन्हा रेस द्यायची. तिचं हे असं, तर मागच्यांचं काय झालं असेल! गाड्यांची माळ कधी आखडायची, कधी लांबायची. शेवटचा गडी तर सांगत होता की आपण त्या दिवशी दीपगृहापर्यंत दोनदा जाऊन आलो.

मंडळींचा म्होरक्या कप्तान. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, बोलायला मऊ, पण रस्त्याच्या बाबतीत कोणाचा मुलाहिजा न ठेवणारा. यंदा तो स्वतः ताईच्या दुकानात आला, नव्या गादीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला की पुढच्या गाडीचा वेग एकसारखा पाहिजे, त्यात भिडेचं काम नाही. तेव्हा ताईने यंदा त्याच्या मागे बसावं, मानाने.

ताईने कात्री खाली ठेवली. "कप्तान, मी जन्मभर मागच्या सीटा शिवल्या. बसायला नाही शिवल्या."

कप्तान हसला, पण मागे हटला नाही. निघायच्या सकाळी तलावाजवळच्या सरळ रस्त्यावर चालवून दाखव, असं ठरलं. वेग एकसारखा राहिला तर पट्टा तुझा. नाही राहिला तर पट्टा माझा आणि मागची सीट तुझी.

ताईने क्रूझ कंट्रोलचा एक जोड मागवला. म्हणजे हव्या त्या वेगावर बटण दाबायचं, मग गाडी तो वेग आपला आपण सांभाळते आणि मुठीला विश्रांती. गाडीला कारखान्यातून तो नव्हता, बाहेरून बसवायचा होता: एक काळी डबी, हवा ओढायची एक रबरी नळी, वेग मोजायला चाकाजवळ लावायचं चुंबक, हँडलवर बटण आणि वायरींचा झुपका. सोबतच्या कागदावरची चित्रं बघून तिने एकटीने तो बसवला. नाडी ओवावी तशा वायरी सीटखालून ओवल्या, अशा नेटक्या की वरून बघणाऱ्याला वाटावं गाडी जन्मतःच अशी होती. पहिल्याच फेरीत यंत्राने वेग धरला. पुलापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा उजव्या हाताची बोटं हँडलवर तबला वाजवत होती.

ती बातमी रस्त्यावर पसरायला वेळ लागला नाही, कारण पसरवणारी ताईच होती.

आणि मग, जायच्या आदल्या दिवशी, यंत्र रुसलं. तयार असलं की बटणाजवळ एक हिरवा ठिपका लागायचा. तो लागेचना. बटण दाबलं, नाही. जोरात दाबलं, नाही. जरा शिव्या देऊन दाबलं, तरी नाही.

ताईने धाकट्या भावाला बोलावलं. भाऊ इलेक्ट्रिशियन. सभागृहांची रोषणाई, दुकानांच्या चमकत्या पाट्या, सगळी त्याची कामं. त्याला सगळे लख्ख म्हणायचे. लख्खला अंधाराचं वावडं होतं. त्याने घरातल्या कपाटांच्या आत दिवे लावले होते, पायरीखाली दिवे लावले होते. त्याच्या खुराड्यातल्या कोंबड्या तर म्हणे काळे चष्मे मागायच्या.

लख्ख आला, मागोमाग त्याची बायको आली, हातात विणकाम. नवऱ्याचं काम बघायला ती नेहमी यायची. घरी करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं, असं तिचं म्हणणं.

लख्खने आधी रबरी नळी सोडवून तोंडात धरली आणि गाल आत जाईस्तोवर ओढली. कुठे गळती नव्हती. मग चाकाजवळचं चुंबक तपासलं, जागच्या जागी होतं. मग त्याने क्लचचं काम उलगडून सांगायला सुरुवात केली. ताईने त्याला थांबवलं.

ती म्हणाली की नळी आणि चुंबक यंत्र चालू झाल्यावर लागतात. हे तर चालूच व्हायला तयार नाही. म्हणजे त्याला कसलीतरी भीती वाटतेय. परवा चालत होतं, आज चालत नाही. मध्ये काय बदललं?

"काही नाही," लख्ख म्हणाला.

"काही नाही," ताईपण म्हणाली. आणि दोघंही अगदी मनापासून खरं बोलत होती.

यंत्राला भीती वाटेल अशी जागा एकच, ब्रेक. ब्रेक दाबला की यंत्राने झटकन मूठ सोडून द्यायची असते, आणि त्यासाठी डबीतली एक वायर मागच्या ब्रेकलाइटच्या वायरीला जोडलेली होती. लख्खने ब्रेक दाबला. ब्रेकलाइट असा पेटला की समोरच्या ओट्यावरच्या मांजराने डोळ्यांवर पंजा घेतला. वायरीत करंट येत होता, कुठे तुटलेली नव्हती. लख्ख अभिमानाने दिव्याकडे बघत राहिला.

ताई कागदावरच्या चित्राकडे बघत होती. डबीतून निघालेल्या रेघेवर बोट ठेवून ती हळूहळू पुढे गेली, शिवण तपासते तशी. डबीतून वायर. वायरीतून बल्ब. बल्बातून गाडीच्या लोखंडात, अर्थिंगला.

"लख्ख," ती म्हणाली, "मशीनवर वरचा दोरा छान चाललेला असतो. सुई वरखाली होते. आणि कापड उचललं की टाका नाहीच. का?"

"खालचा दोरा संपलेला असतो. लहानपणी तूच मला बॉबिन भरायला बसवायचीस."

"ब्रेक दाबल्यावर वरून येतो तो वरचा दोरा. तो आहे. ब्रेक दाबलेला नसताना ही डबी खालचा दोरा कुठे शोधते?"

लख्खला हे बरोबर समजलं. त्याचं कामच ते. तो उत्साहाने सांगायला लागला की ब्रेक मोकळा असताना डबी त्याच वायरीतून उलटी चाचपणी करते, बल्बाच्या आतल्या बारीक तारेतून पलीकडे अर्थिंग लागतंय का बघते. लागलं तर तिला खात्री पटते की ब्रेकची वायर शाबूत आहे, मग ती तयार होते. नाही लागलं तर तिला वाटतं वायर तुटलीय, वेळेला ब्रेक कळणार नाही, त्यापेक्षा सुरूच न झालेलं बरं. मोठी शहाणी डबी. फक्त बल्बात तार पाहिजे, आणि बल्बात तार तर असते—

इथे लख्ख थांबला.

बायकोची सुई विणता विणता थांबली. "वन्सं," ती म्हणाली, "परवा संध्याकाळी यांनी तुमच्या गाडीला तो नवा एलईडी बसवला ना, ताई पुढे असते, मागच्या सगळ्यांना ती लख्ख दिसली पाहिजे म्हणून? त्यात कुठली आलीय तार."

ताईला तो दिवा माहीत होता, तिने त्याचं कौतुकही केलं होतं. पण आमच्याकडे पाहुणा आला, सून आली, पाऊस आला असं जसं सांगतात, तसं लख्खने दिवा बदलला असं कोणी सांगत नव्हतं. तो बदल नव्हताच. तो लख्खचा श्वास होता.

"मी काढतो," लख्ख म्हणाला. दिवा काढायला निघालेला लख्ख त्या रस्त्याने पहिल्यांदाच बघितला. स्क्रूड्रायव्हर हातात होता, पण हात उचलला जात नव्हता.

"जुना बल्ब कुठे टाकलास?" ताईने विचारलं.

"टाकतात कुठले," बायको म्हणाली आणि नवऱ्याच्या खिशात हात घालून तिने रुमालात गुंडाळलेला बल्ब काढला. चालता बल्ब फेकणं लख्खच्या रक्तात नव्हतं.

ताईने बल्बाला दोन वायरी जोडल्या, एक ब्रेकलाइटच्या वायरीला, दुसरी लोखंडाला लावली. नवा दिवा होता तिथेच होता, जुना बल्ब त्याच्या शेजारी नुसता लोंबत होता. आणि बटणाजवळचा हिरवा ठिपका लागला. जसा काही कुठे गेलाच नव्हता.

लख्खने आनंदाने ताईकडे बघितलं, मग लोंबत्या बल्बाकडे. एवढ्या नेटक्या गाडीला हे शेपूट? पण शेपूट झाकणं हेच तर ताईचं काम होतं. तिने सीट उचलली. बल्ब तापतो, तेव्हा कापडाचा कप्पा शिवणं म्हणजे बुडाखाली शेगडी. म्हणून तिने दुकानातली शर्टाच्या बटणांची पत्र्याची डबी रिकामी केली, हवेसाठी भोकं पाडली, बल्ब आत पक्का बसवला आणि डबी फोमपासून लांब, लोखंडी पट्टीला आवळली. ब्रेक दाबून बघितला. बाहेर लख्खचा दिवा भडकला आणि सीटखाली, डबीच्या भोकांतून, म्हाताऱ्या बल्बाने पिवळे ठिपके पाडले.

"आता हा दिसणार कोणाला?" लख्ख कळवळून म्हणाला.

"खालचा दोरा दिसला तर शिवण चुकली म्हणतात," ताई म्हणाली आणि सीट बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाजवळ सगळी मंडळी उभी होती. कप्तान त्याच्या गाडीवरून ताईच्या बाजूने निघाला, नजर तिच्या काट्यावर नाही, आपल्या काट्यावर. त्याने आपला वेग धरला आणि धरून ठेवला. जन्मभर बस चालवलेला माणूस तो, त्याचा पाय आणि मूठ घड्याळापेक्षा खरी. ताईने बटण दाबलं. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन गाड्या अशा गेल्या की मध्ये फळी टाकली असती तर त्यावर चहाचे कप ठेवता आले असते. काही जण सांगतात, ठेवले होते आणि थेंब सांडला नाही. ते अति झालं. पण ताईची उजवी बोटं हँडलवर सैल पडून तबला वाजवत होती, हे कप्तानने स्वतः बघितलं. वळणापाशी तिने ब्रेक दाबला, यंत्राने तत्क्षणी मूठ सोडली, मागचा दिवा भडकला आणि दूर उभ्या असलेल्या लख्खने शेजारच्या दोघांना सांगितलं, तो दिवा माझा.

कप्तान उतरला. खिशातून लाल पट्टा काढून काही न बोलता ताईच्या हँडलला बांधायला लागला. गाठ त्याला नीट जमेना. ताईने त्याच्या हातातून पट्टा घेतला आणि स्वतः बांधला, उजव्या हाताने, घट्ट. बोटं बधिर नव्हती.

मग ती लख्खला म्हणाली, "बस मागे."

"मी? पण मागे बसलो तर मला माझा दिवा दिसणार कसा?"

"दिसायला कशाला पाहिजे," ताई म्हणाली. "दोन्ही दिवे तुझ्या बुडाखालीच आहेत."

गाड्यांची माळ निघाली. लख्ख सारखा मागे वळून बघत होता आणि मागचे सगळे, ब्रेक लागला की सकाळच्या उन्हातसुद्धा डोळे बारीक करत, त्याच्यामागून एका वेगाने येत होते.