चोरून खाल्लेलं

माझं वजन वाढत होतं आणि मी खात नाही यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता. सासूबाईंचा तर मुळीच नाही. मी चिडून काही बोलले की त्या समोरच्या भिंतीला सांगत, "खाई त्याला खवखवे."

खात होते तरी काय? डब्यात काकडी आणि उकडलेलं अंडं, संध्याकाळी भाज्यांचं सूप, की संपलं. साखर सोडली, तळलेलं सोडलं. रोज पहाटे व्यायामशाळेत घाम गाळायचा. शेजारीण केक घेऊन आली तर मी त्याचा नुसता वास घेतला, तोही भीतभीत. तरी काटा आपला वरच.

मी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. लोकांची ओझी काट्यावर ठेवायची आणि ग्रॅमा-ग्रॅमावरून त्यांच्याशी हुज्जत घालायची, हे माझं काम. घरचा काटा खोटा असेल म्हणून एकदा जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मोठ्या काट्यावर चढले. तो घरच्या काट्याचा सख्खा भाऊ निघाला. शिक्के मारणारा मागून म्हणाला, "बाई, एवढ्या पार्सलला आपल्याकडची तिकिटं पुरायची नाहीत." सगळे हसले. मीही हसले, मग आत जाऊन नळ सोडला आणि रडले.

दिलासा एकच होता, कपड्यांचा. आमचे हे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, आणि माझे झाडून सगळे कपडे त्यांच्या हातचे. काटा कितीही बोंबलला तरी पँट सुखानं चढायची, बटण बिनतक्रार लागायचं. व्यायाम शिकवणारी म्हणाली, "कपडे होतात ना? मग स्नायू वाढलेत. स्नायू जड असतात." मला ते इतकं पटलं की मी तिला मिठीच मारली. आरशात पोट पुढं दिसायचं, पण आरसा काय, तोही काट्याच्याच पार्टीतला. दोन घासांत पोट गच्च व्हायचं. म्हटलं, भूक मेली, बरंच झालं.

मग एके दिवशी सासूबाईंनी बिस्किटांचा डबा उचलून स्वतःच्या कपाटात नेला आणि कुलूप लावलं. माझं डोकंच फिरलं.

"आई, देवाशपथ सांगते, मी त्याला हात लावलेला नाही!"

"मांजर डोळे मिटून दूध पितं गं बाई. जगाचे डोळे उघडे असतात."

त्याच रागात मी दवाखान्यात गेले. मला औषध नको होतं, साक्षीदार हवा होता. डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावं की ही बाई खरं बोलते, आणि तो कागद मी कपाटाच्या कुलपावर चिकटवावा, एवढीच माझी इच्छा. हे सोबत आले होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कपडे कमरेत घट्ट होतात का?"

"अजिबात नाही," मी ऐटीत म्हणाले. "हीच पँट वर्षभर घालतेय."

शेजारच्या खुर्चीत हे खाकरले. मी पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

"मी उसवत होतो," ते म्हणाले. "ती झोपली की. शिवणीत आत कापड राखलेलं असतं, ते थोडं थोडं सोडत होतो. काट्यावरून उतरली की तिचा चेहरा बघवायचा नाही. म्हटलं, निदान कपड्यांनी तरी तिला बोलू नये."

मला हसावं की रडावं कळेना.

"सगळीकडे सैल केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. फक्त पोटाशी. बाह्या उलट आत घ्याव्या लागल्या. दंडाला ढिल्या व्हायला लागल्या होत्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जरा झोपा बघू इथं," त्या म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. त्यांनी पोट दाबून पाहिलं, बोटांनी ठोकून पाहिलं, आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. बीजाशयात मोठी गाठ निघाली. पोटात पाणी साठलं होतं. ऑपरेशन लवकर करायचं, गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावरच कळणार.

परतताना घराच्या कोपऱ्यावर मला राहवलं नाही.

"इतके महिने तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही गप्प बसलात! लोक घात करतात तो तरी रागानं करतात!"

त्यांनी दुकान उघडलं, मशीनसमोर बसले, पण मशीन काही सुरू केलं नाही. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं. शेवटी मी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले.

थोड्या वेळानं सासूबाई आल्या. त्यांना सगळं कळलेलं दिसत होतं. त्यांनी माझा हात धरला.

"खरं सांग," त्या हळूच म्हणाल्या. "खात होतीस ना चोरून? मी रागावणार नाही. एकदाच सांग."

या प्रश्नावरून मी किती भांडले होते. आता त्यांच्या डोळ्यांत संशय उरला नव्हता, त्या अक्षरशः भीक मागत होत्या. मी खात असते तर ती नुसती चरबी असती. ओरडून, उपाशी ठेवून, कुलपं लावून उतरवता आली असती.

"हो आई," मी म्हणाले. "खात होते. रोज."

"वाटलंच होतं मला," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागल्या.