दुसऱ्यांदा मोजल्यावर

दीप्ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरली आणि शेवटच्या पायरीवरच बसली. सासऱ्यांना, नीलकंठरावांना, वाटलं, दम लागला असेल. आठवा महिना, त्यात मे महिन्यातली दुपार. पण तिने दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं होतं.

"काय झालं बेटा?"

"काही नाही बाबा. सकाळपासून डोकं दुखून राहिलं. आई म्हणाल्या, ऊन बाधलं असेल."

अधारतालच्या त्या घरात तेव्हा दोघंच होती. सासूबाई, सरोजिनी, भाचीच्या लग्नाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला गेल्या होत्या. नवरा विपुल शहराबाहेर कुंडमला बँकेत. नीलकंठराव फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून बीपीची गोळी घेत होते आणि रोज सकाळी घरच्या मशीनवर बीपी मोजत होते. घरातले त्यावरून त्यांना हसायचे.

त्यांनी मशीन आणलं, पण पट्टा हातात घेऊन थबकले. सुनेच्या दंडाला हात लावायचा त्यांना संकोच वाटला.

"तूच बांधून घे."

तिला एका हाताने जमेना. पट्टा दोनदा निसटला. शेवटी त्यांनी मान खाली घालून तो बांधला आणि बटण दाबलं. पट्टा फुगला, सैल पडला. वरचा आकडा १५४, खालचा १०२.

"किती आलं?"

"थोडं जास्त आहे. जिना उतरून आलीस ना."

ते काही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हेच शिकवलं होतं. चालून आल्यावर किंवा बोलता बोलता मोजलं तर आकडा चढतो, एका आकड्याने घाबरायचं नाही, पाच मिनिटं शांत बसून पुन्हा बघायचं. त्यांचा स्वतःचा कितीदा तरी असाच चढून उतरला होता. त्यांनी दीप्तीला पाठ टेकून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला उशीवर.

"आता बोलू नको."

कूलर घरघरत होता. नीलकंठराव घड्याळाकडे बघायचं सोडून तिच्या पावलांकडे बघत राहिले. चपलेच्या पट्ट्याचे वळ सुजलेल्या कातडीत रुतले होते. चेहराही सुजला होता. रोज समोर असून हे आपल्याला दिसलं कसं नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी सरोजिनीला फोन लावला. नुसता वाजत राहिला. विपुलचा लागेचना.

दुसऱ्यांदा मोजलं. १६८, खाली ११२.

"मशीनच बिघडलं असेल बाबा," दीप्ती म्हणाली.

तसंच असावं म्हणून त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. छाती धडधडत होती, तरी त्यांचा आला १३८, खाली ८४. मशीन ठीक होतं.

आपले आकडे त्यांना कळत होते. स्वतःचं इतकं आलं असतं तर गोळी घेतली का ते आठवलं असतं, उद्या डॉक्टरांना विचारलं असतं. पण आठव्या महिन्यातल्या बाईचं काय?

"आई येईपर्यंत थांबू या ना. संध्याकाळी तर येणारच आहेत त्या," दीप्ती म्हणाली. "उगाच धावपळ काहून करता?"

ते हो म्हणणारच होते. धावत दवाखाना गाठायचा आणि तिथे काहीच नाही निघालं तर? बाबांना सगळीकडे बीपीच दिसतं, म्हणतील.

दीप्तीने डोळे मिटले, उघडले. "बाबा, ही ट्यूबलाइट काहून अशी लुकलुकून राहिली?"

नीलकंठरावांनी वर पाहिलं. ट्यूबलाइट बंद होती.

त्यांनी दीप्तीच्या डॉक्टर शरयूंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"दोनदा मोजलं? शांत बसवून?"

"हो. आणि डोळ्यांपुढे काहीतरी चमकून राहिलंय तिच्या."

"आता तिसऱ्यांदा मोजत बसू नका. आहात तसे निघा. मी हॉस्पिटलमध्ये सांगून ठेवते."

गल्लीच्या तोंडाशी ऑटो मिळाला. "भैया, जल्दी चलो, पर गड्ढे बचा के." दमोह नाक्यावर गाड्या अडकून पडल्या होत्या. दीप्तीला उलटी झाली. तोंड पुसून ती हळूच म्हणाली, "बाबा, बाळ आज कमी हलून राहिलंय." नीलकंठरावांनी तिचा हात घट्ट धरला आणि ऑटोच्या बाहेर डोकं काढून समोरच्या गाड्यांवर ओरडायला लागले. जन्मात ते असे रस्त्यावर ओरडले नव्हते.

हॉस्पिटलात तोवर आकडा आणखी चढला होता. तिला सुई लावली, दिवे मंद केले, बाळाचे ठोके ऐकले. ठोके होते.

डॉक्टर शरयू बाहेर आल्या. "फिटचे झटके येऊ शकले असते. काका, तुमचा हिशोब गरोदर बाईला लावायचा नसतो. वरचा एकशेसाठ किंवा खालचा एकशेदहा झाला की लगेच निघायचं. आणि डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे चमकलं, बरगड्यांखाली दुखलं, तर आकडा त्याहून कमी असला तरी थांबायचं नाही."

"मी थांबणारच होतो," ते म्हणाले.

"पण आलात ना."

सरोजिनी लग्नातल्या पैठणीतच धावत आल्या. फोन पर्समध्ये राहिला होता, उशिरा बघितला. "मी तिला ऊन बाधलं म्हटलं हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. नीलकंठरावांनी त्यांना बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोन किलोलाही कमी. तिला काचेत ठेवलं. विपुल धुळीने माखलेला येऊन पोचला तेव्हा दीप्ती शुद्धीवर होती, पण बीपी अजून उतरलं नव्हतं. बाळंतपण झालं म्हणजे धोका टळला असं नाही, अजून काही दिवस लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते दिवस कठीण गेले. सिस्टर पट्टा घेऊन आत गेली की बाहेर तिघंही दाराकडे बघत राहत.

मग आकडे उतरू लागले. एका सकाळी सिस्टरने बाळाला पहिल्यांदा दीप्तीजवळ नेलं. नीलकंठराव दाराबाहेर उभे होते. आतून एक बारीक रडणं ऐकू आलं. वॉर्डात आणखीही बाळं होती. हे आपलंच की दुसऱ्या कुणाचं, ते काही त्यांना ओळखता येईना. ते कान देऊन ऐकत राहिले.