पुढच्या गाडीपासूनचं अंतर

दुपारनंतरची असरची नमाज झाली की लगेच वासिफला दफन करायचं ठरलं होतं, आणि आम्ही अजून दुबईतली जबल अलीही ओलांडली नव्हती.

वासिफ माझा धाकटा भाऊ. पहाटे रोजाच्या सहरीला उठला, पाणी प्यायला आणि बसल्या जागीच गेला. त्याला मुलगा नाही, एक मुलगी, सबा. म्हणून वली, म्हणजे मय्यतीचा सर्वांत जवळचा वारस, मी. मय्यतीची नमाज पढवायचा पहिला हक्क वलीचा. त्याने परवानगी दिली तरच दुसरा कोणी पुढे उभा राहतो. आमच्या रत्नागिरीकडची माणसं या बाबतीत फार काटेकोर. मुहैस्नाहच्या कब्रस्तानात सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. आजवर माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

उशीर झाला तो मोईनमुळे, असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. माझा मुलगा मोईन जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. रात्रपाळी संपली तरी बदली माणूस आला नाही, म्हणून तो दुपारपर्यंत अडकला. मी सकाळीच टॅक्सी करून निघायला हवं होतं. पण ड्रायव्हरला कब्रस्तान नीट सांगता येईल का, त्याने काही उलट विचारलं तर काय, या विचारात मी बूट घालून दारापाशी खुर्चीवर बसून राहिलो. सुनेने, यम्नाने, दोनदा विचारलं, मी टॅक्सी मागवू का? दोन्ही वेळा मी म्हणालो, येईलच आता मोईन.

तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रात्रभराचं जागरण, वर रोजा. "यल्ला अब्बा, बसा," एवढंच म्हणाला.

रमजानात ऑफिसं लवकर सुटतात. हमरस्त्यावर आलो तर नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या. हातभर पुढे जायचं, थांबायचं. मोईनने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि दोन्ही पाय मागे ओढून घेतले.

"पाय उचलत नाहीयेत, अब्बा. क्रूझ ऑन केलंय. आता गाडी बघून घेईल."

पुढची गाडी थांबली की ही आपोआप थांबायची, ती निघाली की हीही निघायची. थांबणं लांबलं तर मात्र बटण पुन्हा दाबावं लागायचं. मला हे सगळं ठाऊक होतं. महिन्यापूर्वी इथे आलो, सोबत आणलेली पुस्तकं संपली, तेव्हा मी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं होतं. मोईन तेव्हा यम्नाला म्हणाला होता, "अब्बांना लायसन्स देऊन टाका, थिअरी कंप्लीट झालीय."

समोरच्या पडद्यावर एक छोटी गाडी आणि तिच्यापुढे तीन आडव्या रेघा दिसत होत्या. तीन रेघा म्हणजे पुढच्या गाडीपासून सर्वांत जास्त अंतर. आमच्या गाडीने अंतर सोडलं की शेजारच्या रांगेतून कुणीतरी त्यात घुसे. मग ती बिचारी त्याच्यापासून पुन्हा अंतर सोडी, आणि त्यात आणखी कुणी घुसे. टॅक्सी, शाळेची बस, पाण्याचा टँकर, सगळे आमच्यापुढे गेले. मला वाटलं, ही गाडी अगदी माझ्यासारखी आहे. हिला कधीच पोचता येणार नाही.

अर्शचा फोन आला. अर्श म्हणजे सबाचा नवरा. असरची नमाज उरकून जमात सुटली होती. इमामसाहेब विचारत होते, वली कुठवर आलेत?

"जवळ आलोय," मी म्हणालो. "थांबवून ठेव."

जवळ आलो नव्हतो.

त्या रेघा कमी करायचं बटण स्टिअरिंगवर कुठे आहे ते मला माहीत होतं. पुस्तकात त्या पानावर चौकटीत ताकीद होती, तीही माहीत होती. मी बराच वेळ त्या तीन रेघांकडे बघत बसलो. वासिफचं तोंड आता कसं दिसत असेल, कापूर लावला असेल, मला तोंड बघता यावं म्हणून कफनाची गाठ सोडून ठेवली असेल, हेच डोक्यात होतं.

"मोईन, एकच रेघ ठेव ना," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याने दोनदा दाबलं. दोन रेघा गेल्या.

आता आम्ही पुढच्या पांढऱ्या व्हॅनला चिकटून चाललो. कुणी मध्ये येईना. रांग जरा सुटली, गाडीने वेग घेतला, आणि मला आशा वाटू लागली. मी मनात नमाजेच्या तकबीरांची, चार वेळा म्हणायच्या ‘अल्लाहु अकबर’ची, उजळणी करू लागलो, कारण इतक्या लोकांपुढे मी कधी उभा राहिलो नव्हतो आणि चुकेन अशी धास्ती होती.

व्हॅन एकदम बाजूच्या रांगेत गेली. पुढचा रस्ता मोकळा दिसला म्हणून आमच्या गाडीने आणखी वेग घेतला. पण रस्ता मोकळा नव्हता. डिलिव्हरीची एक मोटरसायकल उभी होती, स्वाराचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. आधीपासून उभं असलेलं वाहन गाडीला ओळखता येईलच असं नाही, हे पुस्तकाच्या त्याच पानावर होतं. मी मोईनकडे पाहिलं. त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि हनुवटी छातीवर.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मोईनचा पाय ब्रेकवर गेला, माझं कपाळ पुढे आपटलं आणि गाडी थांबली. मोटरसायकलचा मागचा दिवा आमच्या बॉनेटखाली दिसेनासा झाला होता, पण आमची गाडी तिला लागली नव्हती. त्या पोराने वळून पाहिलं. शिवी दिली नाही. रांग हलली तसा निघून गेला.

मोईन डोळे चोळत म्हणाला, "सॉरी अब्बा. खलास, आता जागा आहे मी. चला, अजून पोचू."

"नाही," मी म्हणालो. "बाहेर घे."

"अब्बा, चाचांचं तोंड..."

"बाहेर घे म्हटलं ना."

मुलाशी या सुरात मी आधी कधी बोललो असेन असं वाटत नाही. इंटरनॅशनल सिटीच्या फाट्याला आम्ही हमरस्ता सोडला आणि एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली. तिथून टॅक्सी मिळाली असती. पण टॅक्सीही याच रस्त्याने जाणार होती, आणि मोईनला त्या अवस्थेत सोडलं तर तो माझ्यामागे गाडी घेऊन निघाला असता. मी किल्ली काढून खिशात घातली. तो थोडा वेळ वाद घालत राहिला आणि बोलता बोलताच झोपला.

अर्शचा पुन्हा फोन आला. दुसरी मय्यत आली होती, तिच्या लोकांना जागा हवी होती. "तुम्ही म्हणाल तर मी मगरिबपर्यंत, रोजा सुटेपर्यंत, रिक्वेस्ट करतो, बडे अब्बा. लोक थांबतील. सबा पण तेच म्हणतेय."

लोक खरंच थांबले असते. पण मय्यतीला ताटकळत ठेवू नये हे मीच अर्शला कधीतरी सांगितलं होतं.

"इमामसाहेबांना सांग, माझी परवानगी आहे. त्यांनी पढवावी."

"नक्की?"

"हो. थांबू नका."

तो हळूच म्हणाला, व्हिडिओ लावतो, तोंड तरी बघून घ्या. मी नको म्हणालो. फोन ठेवल्यावर का नको म्हणालो ते मला कळेना, आणि उलट फोन करायचा धीर झाला नाही.

पंपाच्या भिंतीजवळ किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून मी उभा राहिलो. आम्ही शाफई पंथाचे लोक परगावच्या मय्यतीची नमाज लांबून पढू शकतो. पण मय्यत त्याच शहरात असेल तर माणसाने जाऊन पढायची असते. दुबई म्हणजे एकच शहर धरायचं की दोन, हे ठरवायला मला कोणतंही पुस्तक आठवेना. हात कानापर्यंत नेले आणि तसेच खाली घेतले. पुन्हा नेले. चार तकबीर म्हणालो. कबूल झाली असेल की नाही, मला माहीत नाही.

गाडीत येऊन बसलो तेव्हा मोईन जागा झाला. घड्याळ बघून दचकला, किल्ली कुठे आहे विचारू लागला.

"झोप थोडा," मी म्हणालो. "आता घाई नाही."

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे रस्त्यावर गाड्या हातभर पुढे जात होत्या, थांबत होत्या.